कायद्याच्या आधी आणि कायद्यानंतर : स्वयंसेवी संस्था व विधिमंडळ सदस्य

(आगरदांडा, तालुका मुरूड, जिल्हा रायगड येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजपुरीच्या खाडीच्या उत्तर काठावर आगरदांडा आहे आणि समोर, दक्षिण काठावर, दिघी. मधले पाणी फेरीबोट थोड्या वेळात ओलांडते. या काठच्या माणसाचे आप्त त्या काठाला आहेत आणि बाजारहाटही दोन्हीकडे चालतो. परंतु याच पाण्यामधून दोन तालुक्यांची आणि विधानसभेच्या दोन मतदारसंघांची सीमा गेलेली आहे. आगरदांडा मुरूड तालुक्यात, म्हणून अलिबाग मतदारसंघात. दिघी श्रीवर्धन तालुक्यात, म्हणून श्रीवर्धन मतदारसंघात. त्यामुळे खाडीतील मासेमारीचा, जेट्टीचा अथवा फेरीबोटीचा कोणताही प्रश्न एका आमदाराचा राहत नाही, तो दोघांचा होतो. निवेदन मात्र एकाच काठावरून एकाच आमदाराकडे गेले, तर विधिमंडळात अर्धाच प्रश्न पोहोचतो.

आणखी एक गोष्ट येथे आरंभीच लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९४८ सालापर्यंत खाडीचे हे दोन्ही काठ जंजिरा संस्थानात होते. १९३७ साली शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातील मतदारांनी मुंबईच्या विधानसभेवर आपले प्रतिनिधी निवडून पाठविले, त्या वेळी येथील रयतेला त्या सभागृहात प्रतिनिधी नव्हता. संस्थान विलीन झाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. आपले गाऱ्हाणे राज्याच्या कायदेमंडळात मांडणारा माणूस असणे ही या किनाऱ्यावर फार जुनी गोष्ट नव्हे. त्या माणसाकडून काम कसे करून घ्यावे, तद्वतच त्याच्या कामाला हात कसा द्यावा, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

महिला मंडळ, मच्छीमारांची सहकारी सोसायटी, वाचनालय, युवक मंडळ, आदिवासी वाड्यांवर काम करणारी संस्था, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे सारे समाजकार्य आपापल्या परीने करीत असतात. त्यांच्या आणि आमदारांच्या भेटी बहुधा दोनच प्रसंगी होतात. एक, उद्घाटनाच्या वेळी. दुसरी, संकट ओढवल्यावर. पहिल्या भेटीत हार असतो आणि दुसऱ्या भेटीत संताप. या दोन्ही भेटींतून फारसे काही निष्पन्न होत नाही, कारण दोन्ही वेळी आमदाराच्या हाती वापरता येईल अशी माहिती पडलेली नसते. कायदा होण्यापूर्वी खरी माहिती पुरविणे आणि कायदा झाल्यावर त्याची अंमलबजावणी गावात होते की नाही हे पाहून ते पुन्हा सभागृहापर्यंत कळविणे, ही दोन कामे संस्थेची आहेत. मधले काम आमदाराचे आहे. या विधानाची सत्यता पटविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्याच्याच इतिहासात त्याची तीन उदाहरणे आहेत.

महाडचे पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्य मानलेल्या वर्गाला मोकळीक असावी, असा त्याचा आशय होता. बोले हे नुसते कौन्सिलर नव्हते. १९०९ साली स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या कार्याशी त्यांचे नाव निगडित आहे. समाजातील काम आणि सभागृहातील काम ही दोन्ही एकाच हाताने कशी होतात, याचे ते उदाहरण होते.

ठराव झाला, शासनाने खात्यांना आदेशही दिले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे राज्याची मान्यता होती आणि स्थानिक स्वराज्य संस्थेची संमतीही होती. तरीही चवदार तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरावयास गेला नाही, कारण जाण्याची परिस्थितीच नव्हती. ठरावाची अंमलबजावणी होत नाही हे पाहून बोले यांनी १९२६ साली दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे, असे त्यात सुचविले होते. आपण मांडलेल्या ठरावाचे पुढे काय झाले, याची विचारपूस तीन वर्षांनी त्याच सभागृहात करणारा हा सदस्य आजही अनुकरणीय आहे.

पुढचे काम संघटनेने केले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशा कार्यकर्त्यांनी तिची सिद्धता केली होती. परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलचे नामनियुक्त सदस्य म्हणून शपथबद्ध झाले होते. २० मार्च रोजी परिषदेतील लोक त्यांच्यासह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी लागला. कौन्सिलातील ठरावापासून तेथवर सुमारे चौदा वर्षे लोटली होती. ठराव नसता तर परिषदेच्या पायाखाली कायद्याची जमीन नसती. परिषद नसती तर ठराव दप्तरातच राहिला असता.

चरीचा संप

दुसरे उदाहरण अलिबाग तालुक्यातील चरीचे आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार करण्यात आला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते होते. पंचवीस गावांतील कुळांनी पाळलेला हा संप सुमारे सहा वर्षे टिकला. या काळात कुळांच्या घरी काय वाढून ठेवले असेल, याची कल्पना कोकणातील माणसाला सांगावी लागत नाही. खाजणातील भात हेच ज्याचे वर्षाचे अन्न, त्याने सहा पावसाळे ते शेत लावावयाचे नाही, हा निर्धार सोपा नव्हता.

संपाची ताकद होती, परंतु संपाने कायदा बदलत नाही. तो बदलण्यासाठी विधानसभेत कोणी बोलणे आवश्यक होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकर यांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे अशासकीय विधेयक विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर गेले. हे विधेयक त्या वेळी कायद्यात रूपांतरित झाले नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु प्रश्न एकदा सभागृहाच्या कामकाजात आला की तो पुसता येत नाही. १९३९ साली कुळांना काही संरक्षण देणारा कायदा झाला. १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कायद्यात बसणारी कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली.

आपल्या आमदाराने मांडलेले अशासकीय विधेयक नामंजूर झाले किंवा मागे घ्यावे लागले, म्हणजे श्रम वाया गेले असे समजणाऱ्या संस्थांनी चरीचा हा कालक्रम डोळ्यांपुढे ठेवावा.

वाळीत टाकलेले घर

तिसरे उदाहरण आपल्या हयातीतील आहे आणि ते अधिक अवघड आहे, कारण त्यात प्रतिपक्ष म्हणून कोणी सरकार किंवा जमीनदार नाही. त्यात गावच गावाच्या एका घरासमोर उभे आहे.

गावकीचा अथवा जातपंचायतीचा निर्णय न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्याची रीत या किनाऱ्याला अपरिचित नाही. अशा घराला दुकानदार माल देत नाही, शेजारी बोलत नाही, लग्नकार्याचे बोलावणे येत नाही. घरात मृत्यू झाला तर प्रेताला खांदा द्यावयास कोणी येत नाही. कोणी दया येऊन बोललाच, तर त्यालाही दंड होतो. शाळेत त्या घरचे मूल एकटे बसते, आणि हे पहिल्याने कोणाच्या लक्षात येत असेल तर शिक्षकाच्या. २०१० नंतरच्या वर्षांत रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या आणि काही प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

याविरुद्ध राज्यात कायदा नव्हता काय? पूर्वी होता. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला होता. परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा घटनेने दिलेला अधिकार त्यामुळे बाधित होतो, असा निर्णय देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या कुटुंबाला इतर कलमांचा आडून आधार घ्यावा लागे. उद्देश उत्तम असला तरी मसुदा काटेकोर नसेल तर कायदा टिकत नाही, हा धडा या प्रकरणाने दिला. कायद्याची मागणी करणाऱ्या संस्थेने म्हणूनच आपल्याबरोबर एखादा जाणकार वकील पहिल्या दिवसापासून ठेवावा.

२०१३ साली नाशिक येथे एका विवाहित तरुणीची तिच्या पित्याकडून हत्या झाली. त्या घटनेनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी समितीचे कार्याध्यक्ष डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. मोहीम मात्र थांबली नाही. ठिकठिकाणी परिषदा झाल्या आणि पीडित कुटुंबांनी आपली हकीकत लोकांपुढे सांगितली. अखेर १३ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळून तो कायदा ३ जुलै २०१७ रोजी अमलात आला. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’ हे त्याचे नाव. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. वसूल झालेला दंड पूर्णतः किंवा अंशतः पीडितास देता येतो. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येते. बहिष्कार टाकण्यासाठी बैठक होणार असल्याची माहिती मिळाल्यास जिल्हाधिकारी ती आदेशाने रोखू शकतात.

विधेयक एकमताने संमत झाल्यापासून कायदा अमलात येईपर्यंत सुमारे पंधरा महिने गेले. या पंधरा महिन्यांत वाळीत असलेल्या घरांना कायद्याचा उपयोग नव्हता. सभागृहात बाके वाजली म्हणजे काम संपले असे मानता येत नाही, हे यावरून दिसून येते.

आमदाराची अडचण

येथे एका प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. वाळीत टाकलेले घर एक असते आणि त्याची मते चार किंवा पाच. वाळीत टाकणारा गाव मोठा असतो आणि त्याची मते शेकड्यांनी असतात. अशा वेळी आमदाराने त्या एका घराची बाजू कोणत्या बळावर घ्यावी? पुष्कळ कार्यकर्ते येथे आमदाराला दोष देऊन मोकळे होतात. परंतु निवडून येणाऱ्या माणसाने मतांचा विचार करणे हा त्याचा दुर्गुण नव्हे. लोकशाहीची रचनाच तशी आहे. तो विचार त्याने केला नाही तर तो कोणाचाच प्रतिनिधी राहणार नाही. ज्याच्या मागे मते नाहीत त्याची बाजू अन्य मार्गाने जड करणे हे संस्थेचे काम आहे.

ते तीन प्रकारे करता येते. पहिला मार्ग प्रश्नाला गावातून बाहेर काढण्याचा. एका गावाचे नाव घेऊन आमदाराने सभागृहात बोलावे असा आग्रह धरला, तर तो गावाविरुद्ध उभा राहतो. अनेक तालुक्यांतील प्रकरणे एकत्र मांडून सर्वसाधारण कायद्याची मागणी केली, तर कोणत्याही एका गावाचा पाणउतारा न होता पीडिताला संरक्षण मिळते. बहिष्काराचा कायदा एकमताने होऊ शकला, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा मानता येईल.

दुसरा मार्ग सर्व पक्षांकडे जाण्याचा. तीच माहिती, तेच कागद सत्ताधारी सदस्याला आणि विरोधी सदस्याला द्यावेत. ज्या संस्थेचे कागद एकाच पक्षाच्या दालनात सापडतात, तिच्या प्रश्नाला त्या पक्षाचा रंग चढतो आणि दुसरा पक्ष तो प्रश्न नाकारण्यास मोकळा होतो.

तिसरा मार्ग नोंदीचा. बहिष्कार कधी कागदावर लिहिला जात नाही. पंच तोंडी निर्णय देतात. म्हणून कोणत्या तारखेस बैठक झाली, किती दंड सांगितला, कोणत्या दिवसापासून दुकानातून माल मिळेनासा झाला, पोलिसांकडे अर्ज केव्हा दिला आणि त्याची पोच मिळाली काय, याची दिनांकवार वही संस्थेने ठेवली पाहिजे. अशी वही हाती असलेला आमदार सभागृहात ठामपणे बोलू शकतो. ऐकीव गोष्टीवर बोलणाऱ्याला मंत्र्यांचे एक उत्तर गप्प करते.

सभागृहाची दारे

विधिमंडळाच्या कामकाजाची ओळख नसल्याने संस्थांचे पुष्कळ श्रम फुकट जातात. विधानसभेत २८८ सदस्य आहेत. विधान परिषदेत ७८ सदस्य असून त्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांनी, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ७ पदवीधरांनी व ७ शिक्षकांनी निवडून दिलेले असतात. १२ राज्यपालनियुक्त असतात. म्हणजे येथे बसलेल्या पात्र शिक्षकाला विधानसभेच्या आमदाराखेरीज कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाचाही एक प्रतिनिधी आहे. शाळेचा प्रश्न त्याच्याकडे नेण्याचा शिक्षकांचा अधिकार आहे.

वर्षातून साधारणतः तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपूर येथे भरते. अधिवेशन सुरू झाल्यावर धावत मुंबई गाठणारे शिष्टमंडळ बहुतेक उशिरा पोहोचलेले असते. तारांकित प्रश्नाची सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते. म्हणून अधिवेशनापूर्वी, आमदार मतदारसंघात असताना, त्यांना भेटणे हेच श्रेयस्कर होय.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आकडेवारी हवी असेल तर हाच मार्ग अधिक उपयोगी. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. अर्थसंकल्पी मागण्यांवर कपातीच्या सूचना देता येतात. मंत्री नसलेला कोणताही सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो. नागरिकांचे गाऱ्हाणे विनंती अर्जाच्या रूपाने सदस्यामार्फत सभागृहात सादर होऊ शकते व त्यासाठी विनंती अर्ज समिती असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पुरी झाली की नाहीत, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती आहे. या शेवटच्या समितीचे नाव गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. परंतु जुन्या आश्वासनाचा दिनांक काढून ते आपल्या आमदाराच्या नजरेस आणून देणारी संस्था एका कागदाने पुष्कळ काम करून जाते.

राजपुरीच्या खाडीचे उदाहरण

आता पुन्हा आगरदांड्याकडे वळू. समजा, येथील पारंपरिक मच्छीमारांना खाडीच्या मुखाशी जाळी टाकण्यास अडचण येत आहे. पहिला प्रश्न असा विचारावा की ही अडचण कोणाच्या कक्षेतील आहे. किनाऱ्यालगतच्या राज्याच्या जलक्षेत्रातील मासेमारीचे नियमन राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने होते. पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांनी त्यातील तुटपुंज्या दंडाविषयी वर्षानुवर्षे तक्रार केली, आणि २०२१ साली त्या कायद्यात सुधारणा होऊन दंड वाढविण्यात आला. लहान बंदरे व जेट्ट्या यांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना मात्र केंद्र शासनाची असते. तिच्यात बदल हवा असेल तर खासदाराकडे जावे लागेल. आमदाराला केंद्राचा प्रश्न दिला तर तो फार तर पत्र पाठवील, आणि वर्षभराने संस्था म्हणेल की आमदाराने काही केले नाही.

कक्षा ठरल्यावर दोन्ही काठच्या संस्थांनी एकत्र बसून एकच निवेदन तयार करावे आणि ते दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांना द्यावे. निवेदन एका पानाचे असावे. काय घडले, केव्हापासून, किती कुटुंबांवर परिणाम झाला, कोणत्या कार्यालयाला कोणत्या तारखेस कळविले, काय उत्तर आले आणि नेमके काय हवे, एवढ्या सहा गोष्टी त्यात याव्यात. नौकांची संख्या मोजून लिहावी, अंदाजाने लिहू नये. फुगविलेला आकडा सभागृहात खोटा ठरला तर आमदाराची मान खाली जाते आणि तो पुन्हा त्या संस्थेच्या कागदावर विसंबत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडला तर निवेदनाचे वजन वाढते. भेटीस जाताना जे प्रत्यक्ष होडीवर जातात आणि ज्या प्रत्यक्ष मासळी विकतात, अशी माणसे बरोबर असावीत. पुढारी बोलू शकतो. परंतु उपप्रश्नाला लागणारा तपशील कोळणीच्या बोलण्यातूनच निघतो.

काही मर्यादा

स्वयंसेवी संस्थेने काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने निवडणुकीचा प्रचार करू नये आणि आपले सभागृह, वाहन वा कार्यकर्ते उमेदवाराच्या दिमतीस देऊ नयेत. निवडणुकीपूर्वी सर्व उमेदवारांना एकच मागणीपत्र द्यावे, म्हणजे निवडून कोणी आला तरी दार उघडे राहते. आमदार निधीतून संस्थेच्या कामास मदत मिळाली, तर तिचा हिशेब इतर निधीइतकाच चोख ठेवावा. त्या मदतीच्या ओझ्याखाली प्रश्न विचारण्याचे सोडू नये.

शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना वर्तणूक नियमांनी राजकीय कार्यात भाग घेण्यास मनाई केली आहे. परंतु नोंदी ठेवणे, अर्ज वाचून दाखविणे, कायद्यातील तरतूद समजावून देणे यांस राजकारण म्हणत नाहीत. वाळीत टाकलेल्या घराचे मूल वर्गात एकटे बसले असेल, तर ते पाहणे आणि योग्य ठिकाणी कळविणे हे शिक्षकाच्या कर्तव्यातच मोडते. ग्रामपंचायत सदस्याची जबाबदारी याहून अधिक आहे, कारण गावकीच्या बैठकीत बसणारा माणूस आणि ग्रामपंचायतीत बसणारा माणूस कित्येकदा एकच असतो. ग्रामपंचायत घटनेने निर्माण केलेली आहे, गावकी नव्हे. दोन्हींचा निर्णय परस्परविरुद्ध गेला तर त्याने कोठे उभे राहावयाचे, याचे उत्तर २०१७ पासून कायद्याने निश्चित केले आहे.

अधिकारीवर्गानेही आमदाराकडून आलेल्या पत्राकडे केवळ दडपण म्हणून पाहू नये. त्या पत्रामागे बहुतेक वेळा एखाद्या संस्थेने गोळा केलेली माहिती असते. मुदतीत व स्पष्ट उत्तर गेले, तर पुढचा तारांकित प्रश्न टळतो. उत्तर न गेल्यास तो प्रश्न अधिक धार घेऊन परत येतो.

समारोप

१९२३ चा ठराव महाडच्या तळ्यापर्यंत चार वर्षांनी पोहोचला, तोही माणसांनी मार खाऊन. खोतीविरुद्धचे १९३७ चे विधेयक संमत झाले नाही, तरी त्यातील मागणी बारा वर्षांनी कायदा झाली. बहिष्काराविरुद्धचा कायदा आज अस्तित्वात आहे. त्याचा उपयोग करावयाचा की तो महाडच्या पहिल्या ठरावासारखा दप्तरात ठेवावयाचा, हे मुंबईत ठरणार नाही. ते या किनाऱ्यावरील गावांत, ग्रामसभांत आणि शाळांत ठरणार आहे.

ज्या घराशी कोणी बोलत नाही, त्या घराची कडी एखाद्या संध्याकाळी संस्थेच्या कार्यकर्त्याने वाजवावी, बसून सारी हकीकत लिहून घ्यावी, तारखा विचाराव्यात आणि त्या वहीची एक प्रत आमदाराला व एक प्रत पोलीस ठाण्याला द्यावी. ते काम हाती घेण्यास पुढच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही.